राहिली

दिशाने गुणपत्रिका खिडकीच्या जाळीखालून आत सरकवली. “सर, कॉलेज सोडल्याचा दाखला हवाय. चौथ्या वर्षाला जायचंय.”

क्लार्कने कागदाकडे पाहिलंही नाही. “राहिलेल्यांची खिडकी तिकडं. शेवटची.”

“मी राहिलेली नाही. ऑनर्सला जायचंय मला.”

“बीए किती वर्षांचं असतं?”

“तीन.”

“तुझी तीन झाली?”

“झाली.”

“मग चौथं कशाचं? राहिलीस म्हणूनच ना?”

दिशाने एका दमात सगळं सांगितलं. नवा नियम आहे. तीन वर्षांत चांगले गुण पडले, तर चौथं वर्ष करता येतं. त्यात स्वतःचं संशोधन करायचं आणि मग ऑनर्सची पदवी मिळते. आपल्या कॉलेजात ते वर्ष नाही, म्हणून पुण्याला, विद्यापीठाच्या भूगोल विभागात अर्ज करायचाय. मुदत परवा संपतेय. क्लार्कने सगळं ऐकून घेतलं. घरी काय सांगायचं ते पोरीने छान जुळवून ठेवलंय, असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर आला आणि त्याने पुन्हा शेवटच्या खिडकीकडे बोट केलं.

शेवटच्या खिडकीपुढे एटीकेटीवाल्यांची रांग होती. पुढच्या मुलीने आपुलकीने विचारलं, “तुझे किती विषय गेले?”

“एकही नाही.”

“मग इथं काय करतेस?”

दिशाने पहिल्या खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीतल्या बाईंनी मात्र एकही प्रश्न न विचारता दाखल्यावर शिक्का मारला. राहिलेल्या मुलांशी त्या नेहमीच मायेने वागत. “खचून जायचं नाही हं,” असंही त्या म्हणाल्या. दिशाला तो दाखला तिथल्या तिथे फाडून टाकावासा वाटला. अर्थातच तिने तो नीट घडी करून पिशवीत ठेवला.

पौडला एसटी बदलून ती माल्याला उतरली तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती आणि नरहरीकाकांच्या चहाच्या टपरीवर बाकडं भरलेलं होतं. तिने मान खाली घालून पलीकडून जायचं ठरवलं, पण काकांची नजर घारीची.

“दिशे, राहिलीस म्हनं?”

“नाही काका. मी पास झाले.”

“मग तुजा बा म्हनत हुता, आजून येक वरीस हाय तुजं.”

“आहे. पण ते हुशार मुलांसाठी असतं.”

“आता बग,” काकांनी गाळणं झटकलं, “आमच्या टायमाला हुशार पोरं लवकर सुटायची. तुमच्यात हुशार पोराला जास्तीचं वरीस. उलटंच हाय की समदं.”

बाकडं हसलं. वाईट हेतूने कुणीच हसलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. कुणी टोमणा मारला असता तर तिला भांडता आलं असतं. इथे सगळे तिला सांभाळून घेत होते.

खरं तर घरातली लढाई तिने फारच सहज जिंकली होती. निकाल लागला त्या दिवशी तिचा बाप, कैलास, चिखलणी झालेल्या भातखाचरात रोपाच्या मुठी टाकत होता. आठवडाभर तिने मुद्दे जुळवले होते. खर्च कसा भागेल, हॉस्टेल कसं मिळेल, लग्न एक वर्ष पुढे गेल्याने आभाळ कसं कोसळत नाही. बांधावर उभं राहून तिने सुरुवात केली, “बाबा, निकाल लागला. मी अजून एक वर्ष राहते म्हणतेय.”

कैलास कमरेत वाकलेला होता. तो सरळ झाला. हातातल्या मुठीतलं पाणी निथळू दिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

“रहा,” तो म्हणाला. आणि पुन्हा वाकला.

बस्स, एवढंच. बाकीचे मुद्दे तसेच घेऊन ती घरी परतली होती. संध्याकाळी आईने पेढ्यांचा विषय काढला तेव्हा कैलासच म्हणाला, “आत्ता नको. फुडल्या वर्षी वाटू येकदम.” ऑनर्सची पदवी हातात पडली की बाबांना मोठा बार उडवायचा आहे, असं वाटून दिशाला तेव्हा उलट बरंच वाटलं होतं.

तेव्हापासून तोच गावभर सांगत होता. टपरीवर, सोसायटीत, शनिवार-रविवारी घरच्या भाड्याने द्यायच्या खोल्यांत उतरायला येणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांनासुद्धा. “हुशार पोरान्लाच ठिवून घेत्यात चौथ्या वर्षाला,” हे वाक्य त्याने पाठ केलं होतं. ते तो जितक्या मोठ्याने म्हणे, तितकं ते खोटं वाटे. “ठेवून घेतात म्हणू नका हो बाबा,” तिने दोनदा सांगून पाहिलं. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घरी आली तर ओट्यावर आत्या बसलेली. गोजराबाई ही कैलासची थोरली बहीण, पौडला दिलेली, आणि लग्नं जुळवण्यात सगळ्या भावकीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“दिशेला माण गावचं स्थळ आनलं हुतं, त्या माणवाल्यांनी फोन उचलायचा बंद केलाय,” आत्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “इंजिनेर पोरगा हाय त्यांचा. पोरगी बीएला राहिली म्हनल्यावर कोन उचलंल?”

“आत्या, मी राहिले नाही!” दिशाचा आवाज एवढा चढला की गोठ्यातल्या म्हशीने मान वळवली. “किती वेळा सांगू? तालुक्यातनं या वर्षी चौथ्या वर्षाला जाणारी मी एकटी असेन कदाचित. आणि तुम्ही सगळे असे बघताय, जसं काही मी कुणाच्या घरात चोरी केलीय.”

“बरं बरं,” आत्या मऊ आवाजात म्हणाली. “हुशार तर हुशार. मी कुटं काय म्हनतीया?”

“आक्का,” दारातून कैलास म्हणाला, “ती हुशार हाय म्हनूनच ठिवून घेतीया. माणवाल्यान्ला जायाचं तर जाऊ दे. पोरगी शिकनार.”

दिशा आत निघून गेली. निदान बाबा तरी आपल्या बाजूने आहेत, हे तिने मनाला बजावलं. पण तिचं डोकं काही शांत होईना.

मुलाखत मात्र अगदीच वेगळी झाली. विभागातल्या लांब टेबलामागे तिघे जण बसले होते आणि त्यांनी तिला पास-नापास यातलं काही विचारलं नाही. तिचा विषय होता खाचरांची नावं. जमीन विकली गेली, त्यावर रिसॉर्ट आलं की फाटकावर इंग्रजी नाव लागतं आणि जुनं नाव दोन-चार म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेवढं उरतं. ती नावं नकाशावर आणायची.

“एखादं सांगा,” मधल्या बाई म्हणाल्या.

“सुनेचं खाचर.”

“असं का नाव?”

“नवी सून पहिली लावणी तिथं करायची. उताराला आहे, पाणी ठरत नाही. तिथं जिची रोपं धरली तिला बाकीच्या खाचरात घ्यायचे.”

तिघेही हसले आणि लिहून घेऊ लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपलं बोलणं कुणीतरी जसंच्या तसं ऐकून घेतंय, हे दिशाच्या लक्षात आलं, आणि तिथेच तिचे डोळे भरून आले. यादी लागली तेव्हा तिचं नाव पहिलं होतं. तिने घरी फोन केला. “लागला नंबर,” ती म्हणाली. “ब्येस झालं,” कैलास म्हणाला, आणि फोनवर त्याने सोडलेला सुस्कारा तिला इतका स्पष्ट ऐकू आला की तिला नवल वाटलं.

हॉस्टेलवर जायच्या दिवशी त्याने मोटारसायकलच्या मागे तिची वळकटी बांधली. घोटवड्यापासून पुढे गर्दी वाढत गेली तसा तो अगदी कडेने, जपून चालवू लागला. विद्यापीठाच्या आवारात शिरल्यावर त्याने टोपी काढून खिशात ठेवली. विभागापुढून जाताना दारातल्या शिपायालाही त्याने वाकून नमस्कार केला. दिशाला ओशाळल्यासारखं झालं.

हॉस्टेलच्या फाटकाबाहेर त्याने वळकटी उतरवली. निघायचं नाव घेईना. हँडलच्या रबराशी चाळा करत उभा राहिला.

“मास्तर लोक बरं दिसत्यात हितलं,” तो म्हणाला. “हितं निघंल तुजं.”

“काय निघेल?”

“राहिलेलं.”

दिशाने त्याच्याकडे पाहिलं.

“मी धाव्वीला राहिलो ना,” तो हँडलकडे बघतच बोलत होता, “तवा हेडमास्तर सोता घरी आलं हुतं. म्हनलं, पोराला परत बसवा, गनितच गेलंय. तुजा आजा म्हनला, लावनीला मानूस कमी पडतंय. झालं. लई वाटायचं मला, येकदा बसू द्याया पायजेल हुतं.” त्याने रबर सोडलं. “तू बांधावर यिऊन म्हनलीस राहिले, तवाच म्या ठरिवलं. ह्या पोरीला बसू द्यायाचं. कोन काय बी म्हनू दे.”

फाटकातून मुली बॅगा ओढत आत जात होत्या. दिशाला तो बांध आठवला, निथळणारी मूठ आठवली. ‘राहते’ म्हटलं होतं तिने. पास झाले, हे सांगितलंच नव्हतं. ती कधी नापास झालेलीच नव्हती, त्यामुळे ते सांगावं लागतं हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. पेढे, माणवाले, टपरीवरचं ते मोठ्या आवाजातलं वाक्य. इतके दिवस हा माणूस तिच्यासाठी गावभर खोटं बोलत हिंडत होता.

तिला स्वतःचा भयंकर राग आला. त्याचाही आला.

“बाबा, ऐका,” तिने त्याचा दंड धरला. “मी राहिले नाही. पास झाले. कॉलेजात पहिली आले. हे चौथं वर्ष हुशार मुलांनाच मिळतं. खरंच.”

कैलासने तिच्याकडे नीट पाहिलं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“हां,” तो म्हणाला. “आस्संच. कुनी बी इचारलं तर हेच सांगायचं. असंच, डोळ्यांत बघून.”

“बाबा, अहो—”

“माज्यापेक्षा ब्येस म्हनतीस तू. पटतंय.” त्याने खिशातली टोपी काढून डोक्यावर बसवली, गाडीला किक मारली. मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला आणि आयुष्यात फार थोड्या वेळा केलं असेल तसं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“यंदा राहू नको, बाय.”

गाडी झाडीआड गेल्यावरही ती तिथेच उभी होती. फाटकातल्या बाईंनी वही उघडून तिला जवळ बोलावलं. नाव लिहून झालं. पुढच्या रकान्यावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, “राहणार?”

दिशाने ओढणी तोंडावर धरली. बाईंनी वर पाहिलं. समोरची मुलगी हसतेय की रडतेय, हे काही त्यांना कळलं नाही.

“अगं, राहणार कुठली?”

“माले,” तिने ओढणीने तोंड पुसलं. “तालुका मुळशी.”