एकमताने? मला विचारा!

मित्रांनो, मी टेबलावरची एक जुनी पितळी घंटी आहे. डोक्यावरची कळ दाबली की ‘टिंग’ करणारी. आजवर मी कोणावर रागावले नव्हते. यंदा रागावले, आणि का ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी पहिली वीस वर्षं एका डॉक्टरांच्या टेबलावर गेली. मी वाजले की बाकावरचा पुढचा पेशंट आत येई. डॉक्टर थकले, तेव्हा त्यांच्या मुलीने मला पिशवीत घालून शाळेत नेलं. ती इतिहास शिकवते. मुलं तिला नुसतं ‘बाई’ म्हणतात.

बाई राज्यघटना पाठ करून घेत नाहीत. त्या वर्गाचीच घटना समिती करतात. ज्याची चिठ्ठी हाती येईल तो घटनाकार व्हायचं, आठवडाभर त्याच्याबद्दल वाचायचं आणि मग त्याच्या बाजूने भांडायचं. अध्यक्षांसमोर मी. एकदा वाजले की बोला, दोनदा वाजले की बसा. नियम एकच, पण कडक: समोरच्याची हरकत पूर्ण झाल्याशिवाय त्याला बसवायचं नाही.

यंदा एका महिला सदस्याची चिठ्ठी पणतीला आली. प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू करते, म्हणून तिला वर्गाने पणती करून टाकलं. आजीच्या चष्म्याची बिनकाचेची फ्रेम नाकावर चढवून ती उभी राहिली.

कलम होतं, ‘सरकार प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न करील.’

“पण ‘प्रयत्न’ कशाला?” पणती म्हणाली. “आई म्हणाली, मी डबा द्यायचा प्रयत्न करीन, तर मी उपाशीच की! ‘देईल’ लिहा.”

वर्ग हसला. मतदान झालं. वीस विरुद्ध अकरा. पणती हरली.

“पण माझी हरकत लिहून ठेवा.”

बाईंनी ती फळ्यावर लिहिली. त्या दिवशी मला माझ्या आवाजाचा अभिमान वाटला.

आणि मग संविधान दिनाच्या कार्यक्रमाला पाहुणे येणार असं ठरलं.

मुख्याध्यापकांनी आमची सभा मंचावर नेली. भाड्याचे कोट आले, चिकटवायच्या मिशा आल्या. चिठ्ठ्या गेल्या, पाठ केलेली भाषणं आली. भांडण तेवढं वगळलं.

“पाहुण्यांसमोर वाद कशाला?” सर बाईंना म्हणाले. बाई बोलायला गेल्या, तर सर घड्याळाकडे बघत निघूनही गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी सर स्वतःच अध्यक्ष झाले. शेवटी त्यांनी वाचलं, “हे कलम सभेने एकमताने मंजूर केलं.” टाळ्या सुरू होणार, तोच चष्म्याची फ्रेम उभी राहिली.

“पण एकमताने कुठे, सर? आम्ही अकरा जण...”

टिंग टिंग! टिंग टिंग टिंग!

पाहुणे हसले. पणती खाली बसली आणि फ्रेम काढून फ्रॉकला पुसत राहिली. काच नसलेली फ्रेम!

मित्रांनो, तो आवाज माझा होता. पेशंटला आत बोलावणारा, मुलांना उभं करणारा माझा आवाज एका मुलीच्या तोंडावर मारला गेला. आणि तोही कुठे? ज्यांनी हरकती घेत घेत, एकेका शब्दावर अडून बसत घटना लिहिली, त्यांच्याच नावाने चाललेल्या कार्यक्रमात! मिशा खऱ्या वाटाव्यात म्हणून केवढी धडपड, आणि माणसं मात्र खोटी!

दुसऱ्या दिवशी बाईंनी पणतीला अध्यक्ष केलं. ती मला हात लावेना. तेवढ्यात सर दारात.

“बाई, काल या मुलीमुळे शाळेची शोभा झाली! मी म्हणतो...”

मुलं कुजबुजली. पणतीने माझ्याकडे पाहिलं आणि कळ दाबली. एकदाच.

“सर, बोला. पण इथे या, पुढे. तुमची हरकत पूर्ण होईपर्यंत कोणी मध्ये बोलणार नाही.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “नंतर बोलू,” म्हणाले आणि गेले.

तेव्हा मुलांनो, मला लख्ख पुसलं नाहीत तरी चालेल. माझी कळ गंजली तरी चालेल. पण कोणाचं बोलणं अर्धवट असताना मला वाजवू नका.

बाहेरच्या सूचनाफलकावर कार्यक्रमाचा अहवाल अजून तसाच आहे. ‘एकमताने मंजूर.’ त्याच्यापुढे पेन्सिलीने अकरा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच शब्द लिहिलाय: पण.