दोनदा ओरडलो

पंचेचाळिशी उलटली, मुलीचं लग्न ठरलं, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. वर ताई होती ना, म्हणून हा जन्मभर धाकटा. मोठाली झाडं उतरवणं हा दोघांचा वडिलांपासूनचा धंदा. तो वर करवत घेऊन, ती खाली दोर घेऊन.

झाड उतरवायच्या दोनच रीती. एक तर तुकडा दोराला बांधून कापायचा आणि खालच्या माणसाने तो अलगद जमिनीवर टेकवायचा. नाहीतर कापून मोकळा सोडायचा, पडेल तिथे पडेल. दोराच्या कामात वरच्याखालच्याची अखंड बडबड लागते. धर, सैल कर, थांब, अरे थांब म्हटलं ना! ताई बुंध्याला दोराचे तीन वेढे घाली आणि शंभर किलोचा ओंडका असा उतरवी, की शेजारी कोणी झोपलेलं असतं तर कूसही बदलली नसती. मोकळं सोडायला मात्र एकच शब्द पुरतो. वरच्याने "खाली!" म्हणून ओरडायचं आणि खालून "सोड!" आल्याशिवाय करवत पुढे रेटायची नाही.

आणि नेमका त्या वेळी दोघांचा अबोला होता. अकरावा दिवस. कारण ऐकाल तर हसाल. मुलीच्या सासरची मंडळी जेवायला आलेली असताना ताईने एक जुनी गोष्ट काढली. धाकटा पहिल्यांदा झाडावर चढला तेव्हा उतरता येईना म्हणून कसा भोकाड पसरून रडला, ते तिने सगळ्यांदेखत साभिनय करून दाखवलं. व्याही पोट धरधरून हसले. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्या झोंबल्याच.

काम होतं एका छापखान्यामागच्या आवारात. वाळलेला, उंच नीलगिरी. ताईने आल्याआल्या सवयीने बुंध्याला वेढे घातलेही होते.

"ताईला सांग, आज दोर नको," धाकटा लाकूड न्यायला आलेल्या ट्रकवाल्याला म्हणाला. ताई चार हातांवरच उभी होती. "आवार रिकामं आहे. मोकळं सोडतो."

"त्याला सांग, हे लाकूड उसळतं. दोरानेच उतरव म्हणावं."

"मी ट्रक चालवू की तुमचं टपाल वाटू?" ट्रकवाला वैतागून फाटकाशी जाऊन उभा राहिला.

धाकटा चढला. आवार रिकामं होतं हे खरंच, पण दोर घेतला असता तर दिवसभर तिच्याशी बोलावं लागलं असतं. दुसरं काही कारण नव्हतं.

पहिले दोन तुकडे त्याने फाटकातल्या ट्रकवाल्याने हात हलवून 'मोकळं आहे' अशी खूण केल्यावर सोडले. ताई भिंतीला टेकून बघत होती. हा खरंच ऐकत नाही म्हटल्यावर, निदान आपला दोर तरी चिरडू नये, म्हणून ती तो सोडवायला बुंध्याच्या पलीकडे जाऊन वाकली. फाटकातून ती दिसत नव्हती, वरूनही नाही. "खाली" हा शब्द धाकट्याच्या ओठांवर आला होता. पण ओरडलं की उत्तर तिचंच येणार, मग अबोला कोणी मोडला म्हणायचा? ट्रकवाल्याने हात हलवला. याने तुकडा सोडला. तो जमिनीवर आपटला, उसळला आणि बुंध्यावर जाऊन आदळला. मध्ये ताईचा उजवा हात होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईच्या नवऱ्याने, भाऊजींनी, विचारलं, "अरे, ओरडला नव्हतास का?"

"ओरडलो की. दोनदा ओरडलो."

हे 'दोनदा' कुठून आलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. ट्रकवाला स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "हो, मीही ऐकलं."

"मग हिच्या कानांचंच काहीतरी आहे," भाऊजी म्हणाले. "टीव्हीचा आवाज हल्ली वाढवतेच."

हात वाचला, पण तीन बोटं मिटेनात. दोर सुटला तो कायमचाच. बरं वाटल्यावर ताई एकटीच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली आणि म्हणाली, "थोडं कमी येतं म्हणाले." तेव्हापासून घर तिच्याशी ओरडून बोलू लागलं. नातवंडं कानाशी तोंड नेऊन किंचाळत. ती "हं? काय?" म्हणून मान कलती करी. धाकट्याला ते बघवत नसे. आता तो रिकाम्या माळावरचं झाडसुद्धा दोराने उतरवी. लोक हसत, त्याचं त्याला काही वाटत नसे. पण एक वाक्य काही केल्या तोंडातून निघत नव्हतं.

सात महिन्यांनी एका दुपारी तो तिच्या स्वयंपाकघरात बसला होता. ती डाव्या हाताने शेंगा सोलत होती. एक शेंग सोलायला तिला किती वेळ लागत होता! तो जमिनीकडे बघत अगदी हळू बोलला. इतकं हळू, की सांगितल्यासारखंही व्हावं आणि तिला ऐकूही जाऊ नये.

"मी ओरडलो नव्हतो, ताई."

"माहीत आहे," ती म्हणाली. मान वर केली नाही.

त्याने झटकन वर पाहिलं. "तुला ऐकू..."

"डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. विशीतल्या पोरीचे असावेत तसे."

"मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

"काय सांगू? न ओरडता लाकूड सोडतो म्हणून? पुन्हा कोणी झाडाला हात लावू दिला असता का तुला? मुलीचं लग्न तोंडावर आलेलं." तिने शेंग ताटात टाकली. "मीच बहिरी झाले. सोपं होतं."

त्याला वाटलं, हिने उठून मुस्काटात मारावी. ती पुढची शेंग सोलू लागली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून भाऊजी मोठ्याने म्हणाले, "चहा टाकू का गं?"

"हं? काय म्हणालात?" ताईने मान कलती केली.

"चहा! चहा!" भाऊजी घसा ताणून ओरडले, आणि दारात येऊन धाकट्याला म्हणाले, "बघितलंस ना? दिवसभर हे असं. तू तरी काय करणार होतास बिचारा!"

ताई त्याच्याकडे बघत नव्हती. धाकट्याने तोंड उघडलं.

"मला साखर कमी," तो म्हणाला.