इलोना मॅडमचं मानपत्र

मानपत्र इलोना साळवे मॅडमना आधी वाचून दाखवायचं, एवढंच काम आप्पासाहेबांनी मला दिलं होतं. त्यांनी आणि रसायनशास्त्राच्या इतर जुन्या विद्यार्थ्यांनी रविवारी मॅडमचा सत्कार ठेवला होता. मॅडम एक्क्याण्णव वर्षांच्या. बारीक अक्षर आता दिसत नाही. क्रांती चौकातून फ्रेम करून आणलेलं मानपत्र मी वाचत गेले. ‘कडक शिस्तीमुळे आम्हा सर्वांच्या लाडक्या हिटलर मॅडम’ इथं त्यांनी हात वर केला.

“परत वाच.”

मी वाचलं.

“प्रेरणा, मी कुठली?”

“हंगेरीची.” मला तेवढंच माहीत होतं.

मग तासाला सांगावं तसं, क्रमानं त्यांनी सांगितलं. बुडापेस्टमध्ये वडिलांचं औषधांचं दुकान होतं. तिथल्या तराजूवर त्या वजन करायला शिकल्या. मार्च १९४४मध्ये हिटलरचं सैन्य शहरात शिरलं. एप्रिलपासून कोटावर पिवळी चांदणी शिवावी लागली, कारण घर ज्यू. वडिलांना सक्तीच्या मजुरीला नेलं. नोव्हेंबरात आईला सीमेकडे पायी चालवत नेलं. दोघंही परतली नाहीत. दहा वर्षांची इलोना मावशीबरोबर एका तळघरात तगली. १९५६ साली तिनं देश सोडला. लंडनच्या प्रयोगशाळेत शिष्यवृत्तीवर आलेले कचरू साळवे भेटले; लग्न करून दोघं इथं औरंगाबादला आली.

“त्याला गावच्या शाळेत दाराबाहेर बसवायचे,” मॅडम म्हणाल्या. “मला त्याला फार समजावून सांगावं लागलं नाही. आता आप्पाला बोलव.”

अर्ध्या तासात आप्पासाहेब आले. मी सगळं सांगितल्यावर त्यांना मान वर करवेना.

“मॅडम, लई चुकलं. आम्ही प्रेमानं म्हणायचो. दुसरं छापून आणतो, विषय संपला.”

“प्रयोगाच्या वहीत चुकलेलं रीडिंग पुसायचं असतं का?”

“नाय, मॅडम.” त्रेसष्ट वर्षांचे आप्पासाहेब उभे राहिले. “आडवी रेघ मारायची. शेजारी बरोबर ते लिहायचं. खाली सही करायची.”

“मग काच काढ. काय लिहायचं ते तू ठरव. आणि दोन्ही वाचायचं, स्टेजवरून.”

“लोकांसमोर? इथल्या इथं मिटवू की.”

“नोकरी नवी होती तेव्हा व्हरांड्यात हे नाव माझ्या कानावर आलं होतं. कचरू म्हणाला, बोल त्यांना. मी गप्प बसले. ती माझी चूक. दुसऱ्यांदा करणार नाही. जमत नसेल तर सत्कार राहू दे.”

रविवारी सभागृह भरलेलं होतं. आप्पासाहेबांनी आधी खोडलेली ओळ वाचली. लोक सवयीनं हसले. हसू ओसरेपर्यंत ते थांबले आणि मग शेजारचं वाचलं.

“मॅडमच्या आईवडिलांचा जीव हिटलरच्या माणसांनी घेतला. आम्ही त्याचंच नाव मॅडमना ठेवलं आणि चाळीस वर्षं त्यावर हसलो. चूक आमची आहे. खाली माझी सही आहे.”

मॅडमनी माईक आपल्याकडे ओढला.

“मी इलोना. बुडापेस्टची ज्यू, औरंगाबादची साळवे,” त्या म्हणाल्या. “आता शाल आणा.”