कोपरा तुटलेली फ्लॉपी

"कॉम्प्युटर में मत डालना, बेटी," लेखराजशेठ फोनवर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे ती फ्लॉपी आपल्या मशीनची आहे. साध्या कॉम्प्युटरला ती वाचता नाय येत. तो बोलणार, फ्लॉपी कोरी आहे, फॉरमॅट करू? कोणी येस दाबला तर खलास. चांगुणाबाईचा काम साफ. तू सीधा इधर लेके आ. पण आजच आण. संध्याकाळी भंगारवाला मशीन उचलायला येतोय."

चांगुणाबाई म्हणजे माझी आई. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात लेखराजशेठचा एम्ब्रॉयडरीचा कारखाना आहे, तिथे ती पंचिंग करायची. कागदावरची नक्षी टाक्याटाक्याने कॉम्प्युटरवर मांडायची, फ्लॉपीत भरायची, आणि फ्लॉपी मशीनला लावली की मशीन ती कापडावर शिवून काढायचं. नव्याण्णव साली माझ्या थोरल्या बहिणीच्या, वृंदाताईच्या लग्नाच्या पांढऱ्या साडीला आईने पिंपळपानांची बॉर्डर काढली. हॉलमधल्या एकूण एक बाईने ती बॉर्डर हातात धरून पाहिली. नवरीकडे कोणी बघितलंच नाही, असं ताई अजून कुरकुरते.

मी तेव्हा सोळा वर्षांची. मला काय मिळणार म्हणून दोन दिवस तोंड फुगवून बसले. "तुझी पण करून ठेवते, बाई, गिळ आता," आई म्हणाली. आणि खरंच केली. घरी आणून फ्लॉपी दाखवली. वर तिच्या अक्षरात लिहिलेलं, 'स्वप्नाली, लग्न'. काय काढलंय ते मात्र सांगितलं नाही. लग्न ठरलं की बघ म्हणाली. त्यानंतर वर्षभरात काविळीचं निमित्त झालं आणि आई गेली.

ती बॉर्डर कापडावर कधीच उतरली नव्हती. आईशिवाय ती कोणी पाहिलेलीच नव्हती. आधी लग्न, मग बॉर्डर, हा माझा हट्ट. लग्न ठरायला दोन हजार सात उजाडलं आणि तोवर फ्लॉपीच जगातून गेली. नवीन कॉम्प्युटरला तिच्यासाठी फटसुद्धा नसते. लेखराजशेठकडेही आता पेन ड्राइव्हवाली मशीनं आली होती. जुनं एकच उरलेलं, ते आज भंगारात चाललं होतं.

मी फोन ठेवला आणि कपाटातला आईचा स्टीलचा डबा काढला. त्यात तिचा चष्मा होता, रिळांची पिशवी होती. फ्लॉपी नव्हती.

"पप्पा! डब्यातली फ्लॉपी?"

पप्पा पेपर वाचत होते. "विक्रांत घेऊन गेला सकाळी. त्याच्या कॅफेत एक जुना कॉम्प्युटर आहे म्हणे. उघडून प्रिंट काढतो म्हणाला, तुला सरप्राइज."

विक्रांत माझा धाकटा भाऊ. बदलापूरला कुळगावात सायबर कॅफे सांभाळतो, म्हणून घरात त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा समज आहे. त्याला काय कळतं ते मला माहीत आहे. स्क्रीनवर काहीही विचारलं की न वाचता येस. ताईच्या लग्नाचे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर होते, ते याच येसने गेले. "मला वाटलं तो विचारतोय ठेवू का," हे त्याचं उत्तर.

"तुम्ही दिलीत कशाला?" मी पप्पांवर ओरडले. ओरडून काही होणार नव्हतं, पण माझं असंच आहे, आधी तोंड सुटतं. पप्पा हळूच म्हणाले, "अगं, चांगल्यासाठीच नेली त्याने." ते खरं होतं म्हणून मला आणखी राग आला.

विक्रांतचा मोबाइल बंद. कॅफेचा फोन लागेना. मग पप्पांनाच आठवलं, "बदलापूरला लाइट नसतील. चारला येतात." लाइट नाहीत, म्हणजे कॅफेतला कॉर्डलेस मेलेला आणि त्याच्या मोबाइलला चार्जिंग नाही. पण लाइट नाहीत म्हणजे कॉम्प्युटरही बंद! लोडशेडिंगला मी आयुष्यात पहिल्यांदा दुवा दिला. सकाळी त्याने ती लावून बघितली असेल, हा विचार मनात आला, तो मी तिथेच दाबून टाकला.

आमच्या अंबरनाथच्या नाक्यावर रिक्षावाला म्हणाला, तीन सीट होऊ देत. "तीन सीटचे मीच देते, चल!" म्हटल्यावर त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रिक्षा काढली.

रिक्षात बसून मी काय करणार? हात चोळत बसले. एकेकाळी आमच्या घरात फ्लॉप्या पायाखाली यायच्या. बाद झालेल्या आई घरी आणायची. मी आणि विक्रांत त्यांचं पत्र्याचं झाकण मागे-पुढे करून टकटक वाजवत बसायचो. पप्पा चहाचा कप त्यांच्यावर ठेवायचे. आई कारखान्यातून उरलेली रिळंही आणायची. रात्री नक्षीचा कागद मांडीवर घ्यायची, रिळांची पिशवी माझ्यापुढे ओतायची आणि विचारायची, "आता कोणता गं?" मी सांगेन तो रंग ती नक्षीत भरायची. एकदा पिंपळाच्या पानाला मी गुलाबी म्हटलं. विक्रांत हसून लोळला, गाढवे, पान हिरवं असतं. आईने मला चैत्रात विहाराजवळच्या पिंपळाखाली नेलं आणि कोवळी पालवी दाखवली. गुलाबीच होती.

आणि त्या फ्लॉपीचा कोपरा तुटलेला होता, हे आठवून मला आणखी धसका बसला. एका कोपऱ्यात बारीकशी सरकती पट्टी असते, ती कोणीतरी उखडलेली, तिथे नुसतं भोक. आतलं काही खराब तर झालं नसेल?

कुळगावात शिरलो आणि रस्त्याकडेच्या सलूनमधला पंखा फिरायला लागला. मग शेजारच्या दुकानातला रेडिओ सुरू झाला. "आले आले!" कोणाची तरी पोरं ओरडली. सगळ्या रस्त्याला आनंद झाला होता आणि मला मात्र ते लाइट परत जावेत असं वाटत होतं. घड्याळात चारला अजून वेळ होता.

"दादा, जोरात!"

"मॅडम, रिक्षा आहे, हेलिकॉप्टर नाय."

कॅफेसमोर उतरले, पैसे त्याच्या हातात कोंबले आणि धावत आत गेले. विक्रांत खुर्चीत नव्हता. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर सुरू होता. फ्लॉपी आत होती, तिचा निळा काठ फटीतून दिसत होता. स्क्रीनवर एक चौकट होती आणि तिच्यात फॉरमॅट हा शब्द होता. पुढचं मला वाचताच येईना. डोळ्यांसमोर अक्षरं नाचायला लागली.

"अरे तू? सरप्राइज घालवलंस ना यार!" मागून विक्रांत आला. त्याच्या हातात काळी चिकटपट्टी होती.

"काय केलंस? येस दाबलंस?"

"हो, मग? कोरी आहे म्हणत होता. मी म्हटलं फॉरमॅट कर म्हणजे उघडेल. तीन वेळा विचारलं, तीन वेळा दाबलं."

मी त्याच्या दंडावर बुक्की मारली. मग दुसरी मारली. "गेलं! आईचं सगळं गेलं! तुला वाचता येत नाही का रे, मूर्खा?" मी रडत होते आणि मारतही होते. कॅफेत आलेली दोन पोरं उठून बाहेर गेली.

"अगं ऐक तर! झालंच नाही फॉरमॅट!" तो हात अडवत ओरडला. "होतच नाहीये. राइट प्रोटेक्टेड सांगतोय. वाच ना!"

मी वाचलं. खरंच तसंच लिहिलं होतं.

"तिचा कोपरा तोडलाय कोणीतरी," विक्रांत म्हणाला. "ती पट्टी सरकवून ठेवली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, पुसता पण येत नाही. इथे तर पट्टीच काढून टाकलीय. म्हणून भोकावर लावायला ही चिकटपट्टी आणली. ही लावली की लगेच..."

बोलता बोलता तो थांबला. माझं तोंड बघून त्याला कळलं असावं. मी त्याला लेखराजशेठचं बोलणं सांगितलं. तो मटकन खुर्चीत बसला आणि हातातली चिकटपट्टी त्याने मेजावर लांब सरकवली.

"आईने तोडली असेल," तो म्हणाला.

"अजून कोण तोडणार? तुला ओळखत होती ती."

मी चिडवायला म्हटलं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला पण बघायचं होतं गं, तिने काय काढलंय," तो म्हणाला. मी बटण दाबून फ्लॉपी बाहेर काढली आणि ओढणीच्या टोकात बांधली.

विक्रांतच्या बाइकवरून आम्ही उल्हासनगर गाठलं. कारखान्याच्या दारात टेम्पो उभा होता आणि दोन माणसं जुन्या मशीनचे बोल्ट सोडवत होती. "थांबा! हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की एकाच्या हातातला पाना पडला.

लेखराजशेठ चष्मा सावरत आले. त्यांनी फ्लॉपी घेतली, तुटका कोपरा पाहिला, हसले. "चांगुणाबाई! सगळ्या फ्लॉप्या अशाच तोडायची. मी ओरडायचो, नवीन काम भरता नाय येत म्हणून." बोल्ट पुन्हा आवळले गेले. त्यांनी मशीनला फ्लॉपी लावली. आतून खर्र, खर्र असा आवाज आला, आणि एरर.

"पुराना है," ते म्हणाले. फ्लॉपी काढून त्यांनी झाकण सरकवलं, आत फुंकर मारली, पुन्हा लावली. पुन्हा खर्र. विक्रांतने माझा हात घट्ट धरला होता. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत धरायचा तसा. मग आवाज सरळ झाला आणि मशीनच्या छोट्या पडद्यावर आकडे दिसायला लागले.

"आ गया," लेखराजशेठ म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी टेम्पोवाल्याला परवा यायला सांगितलं.

चाचणीला पांढऱ्या कापडाचा तुकडा लावला. सुईत आधीचाच काळा धागा होता. मशीन धडधडायला लागलं आणि आमच्या डोळ्यांदेखत पिंपळाचं एक पान उमटलं, लांब शेपटाचं, किंचित वळलेलं, वृंदाताईच्या पानांहून नाजूक. आणि मशीन थांबलं.

"धागा तुटला? बिघडलं?" मी घाबरून विचारलं.

"नाय. स्टॉप आहे. इधर रंग बदलायचा. बोल, कौनसा?"

"ते फ्लॉपीत असेल ना!"

"फ्लॉपीत फक्त टाके असतात, बेटी. रंग नाय. रंग ज्याचा काम तो सांगतो."

एवढं सगळं वाचवून आणलं आणि रंग आईच्या डोक्यातच राहिले होते. ते कुठून काढायचे? मी त्या एकाकी काळ्या पानाकडे बघत राहिले.

लेखराजशेठ पडद्यावरचे आकडे पुढे सरकवत होते आणि पुटपुटत होते. "ये क्या है? हर एक पानानंतर स्टॉप! बॉर्डरला असे स्टॉप कोण टाकतो? वृंदाच्यात एक पण नव्हता. माणूस इथे बसून कंटाळेल. इतकी हुशार बाई, आणि असं काम?"

विक्रांत माझ्याकडे बघत होता. त्याला माझ्या आधी कळलं होतं. तो अगदी हळू म्हणाला, "आता कोणता गं?"

मला रडू आवरेना. तोंडावर ओढणी धरून मी कितीतरी वेळ हुंदके देत राहिले. लेखराजशेठ बिचारे गोंधळून कधी माझ्याकडे, कधी विक्रांतकडे बघत होते.

"गुलाबी," मी शेवटी म्हटलं.

"पान गुलाबी?" ते म्हणाले, पण रीळ शोधायला उठले. धागा ओवला. मशीन धडधडलं, दुसरं पान झालं, आणि माझ्यासाठी ते पुन्हा थांबलं.