सांगू नये

शेवटचा साधा दिवस रविवारचा होता, डिसेंबरचा दुसरा रविवार. दर रविवारी जायची तशी मी आईकडे जेवायला गेले, जेवले, भांडी विसळली आणि दोनच्या बससाठी कोट चढवून दारात उभी राहिले. आई मशीनपाशी बसून कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होती. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. टाचण्या धरूनच बोलायची तिला चाळीस वर्षांची सवय होती.

“कोट उतरव जरा,” ती म्हणाली. “वर्ष संपत आलं. माप घेऊन टाकते.”

“आई, बस चुकेल. आणि या वयात मी आता वाढणार आहे का?”

“माणूस काय नुसता उंचीनंच बदलतो?”

“पुढच्या रविवारी घे.”

“तू आणि तुझा पुढचा रविवार. दहा वर्षं ऐकतेय.” तिनं माझ्याकडे चष्म्यावरून एकदा नीट पाहिलं. मग पुन्हा शिवणीकडे वळली. “जा. दार ओढून घे, गार वारं येतंय.”

मी दार ओढून घेतलं.

सोमवारी दुपारी ती गेली. शेजारच्या नर्सबाईंनी फोन केला. सुईत दोरा ओवलेला होता, त्या म्हणाल्या, गाठ मारायची तेवढी राहिली होती.

आई नवे कपडे फारसे शिवत नसे. ती बदल करून द्यायची. सैल ते घट्ट, घट्ट ते सैल, थोरलीचं धाकटीला, गेलेल्याचं मागे राहिलेल्याला. नवे कपडे शिवायची ते फक्त माझे. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. चुका शोधणं हे माझं काम. तिथं सगळे म्हणत, “तुम्हाला कपडे काय बसतात हो!” मी म्हणायची, “अंगकाठीच तशी आहे.” एकदा संपादकबाईंनी आई काय करते ते विचारलं. मी म्हटलं, “घरीच असते.” हे खोटं नव्हतं. ती घरीच असायची, मशीनपुढे.

मी रजा काढून तिच्या खोलीत राहायला गेले. दांडीवर सतरा कपडे टांगलेले होते. प्रत्येकाला चिठ्ठी होती, पण नाव एकावरही नव्हतं. ‘चष्मेवाला.’ ‘दुसऱ्या मजल्यावरची धाकटी.’ ‘भांडखोर मास्तर.’ लोक येत, दारात घुटमळत, अर्धवट कपडे घडी करून छातीशी धरत. भांडखोर मास्तर तर माझ्याशी एका शब्दानं भांडले नाहीत, आणि मला तेच सहन झालं नाही.

सोळा कपडे गेले. उरला एक गडद निळा कोट. चिठ्ठी होती ‘थैलीवाली.’

थैलीवाली म्हणजे टपालवाल्या काकू. बावीस वर्षं खांद्यावर थैली घेऊन दारोदार टपाल वाटत होत्या. नव्या वर्षात, दोन तारखेपासून, त्यांना टपाल कचेरीत खिडकीवर बसायचं होतं.

“कचेरीनं कोट दिलाय, पण त्यांचं माप एकच. त्यात मी दोनदा मावते,” कोट न्यायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या. “ताई म्हणाल्या होत्या, तुला राणीसारखी बसवते. असू दे गं पोरी, आहे तसाच नेते. राणी काय आणि गाठोडं काय, खिडकीतून अर्धंच दिसतं.”

“थांबा,” मी म्हटलं. “मी करते.”

“तुला येतं?”

“लहानपणी बघितलंय.”

“बघून पोहता आलं असतं, तर काठावर कुणी उभंच राहिलं नसतं,” त्या म्हणाल्या. पण कोट ठेवून गेल्या.

आईचं शेवटचं हाती घेतलेलं काम अर्धवट परत जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. तिनं खडूनं खुणा केल्या होत्या, कच्चे टाके घातले होते. मला फक्त त्यांच्यावरून पक्की शिवण घालायची होती. कंबर झाली. बाह्या झाल्या. मग खांदे हातात घेतले, तर डाव्या खांद्याचं पॅड उजव्यापेक्षा जाड. मी टेप लावली. चांगला अर्ध्या इंचाचा फरक होता.

मला गलबलून आलं. आईची नजर गेली होती आणि मला कळलंही नव्हतं. जिच्या कामात बोट ठेवायला जागा नसायची, तिच्या हातून एवढी ढोबळ चूक. मी डावं पॅड उसवलं, जादाची घडी काढून टाकली, दोन्ही खांदे तंतोतंत सारखे केले. तीन दिवस गेले त्यात. तिची चूक कुणाला दिसण्याआधी मी दुरुस्त केली, या विचारानं आई गेल्यापासून प्रथमच मला शांत झोप लागली.

एकतीस तारखेला सकाळी काकू आल्या. कोट घातला, आरशापुढे उभ्या राहिल्या. कोट डावीकडे घसरला होता. बटणांची ओळ तिरकी झाली होती, डावी बाही बोटांवर आली होती.

“छान झालाय की,” काकू म्हणाल्या. मग स्वतःलाच हसू आवरेना. “नाही गं. दारुड्यासारखी दिसतेय मी.”

“दोन्ही खांदे सारखे आहेत, काकू. मी मोजलेत.”

“मग मीच वाकडी असेन.”

त्या सहज बोलल्या. पण मी आईची मापांची वही काढली. ती मी इतके दिवस उघडली नव्हती. थैलीवालीचं पान सापडलं. छाती, कंबर, बाही, आणि खाली बारीक अक्षरात: ‘डावा खांदा अर्धा इंच खाली. पॅड एकाच बाजूला. सांगू नये.’

मी वही काकूंपुढे धरली. खरं तर धरायला नको होती. त्यांनी दोनदा वाचलं.

“बावीस वर्षं,” त्या म्हणाल्या, “बावीस वर्षं दर साली त्या माझा कोट करून द्यायच्या. आणि मी आपली सगळ्यांना सांगायचे, एवढं ओझं वाहिलं पण माझा खांदा बघा, सरळच्या सरळ!” आणि त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग त्यांनी उजव्या हातानं डावा खांदा चाचपला. “आता थैली उतरेल. खांदा काही वर यायचा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.”

“मी पुन्हा करते. आजच्या आज.”

“कर. मी बसते इथं. घरी तरी कोण वाट बघतंय!”

त्या चहा करायला गेल्या आणि मी काढून टाकलेली घडी पुन्हा आत घालायला बसले. आईनं ती कशी दुमडली होती ते वहीत कुठं सापडतं का, म्हणून पानं उलटत गेले. चष्मेवाला: उजवा खांदा पाव इंच खाली, सांगू नये. भांडखोर मास्तर: डावा, पाऊण इंच, पाठीला बाक, सांगू नये. लग्नाआधी कपडे घेऊन आलेल्या मुली, पोलीस, नर्सबाई, कुणी दोनदाच आलेला वाटसरू. पानामागून पान मी पाहिलं. दोन्ही खांदे सारखे असलेलं एकही माणूस त्या वहीत नव्हतं. आणि ते कुणाला ठाऊकही नव्हतं.

शेवटची काही पानं माझी होती. मी सात वर्षांची असल्यापासूनची, दर डिसेंबरची. दहा वर्षांपूर्वी टेपची मापं थांबली होती, पण नोंदी थांबल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या आधी एक शब्द आला होता: ‘नजरेनं.’

‘नजरेनं. उजवा खांदा पाव इंच. पुस्तकांची पिशवी.’

‘नजरेनं. मान पुढे येतेय. कॉलर उंच घ्यावी.’

आणि शेवटची, त्या रविवारची. मी दार ओढून घेतल्यावर लिहिलेली. ‘नजरेनं. उजवा खांदा आता अर्धा इंच. कोट पुन्हा करायला हवा. दमलेली दिसते. सांगू नये.’

अंगकाठीच तशी आहे.

“साखर किती?” काकूंनी आतून विचारलं. मी ती नोंद पुन्हा वाचत होते. त्यांनी चहा माझ्यापुढे ठेवला, वहीकडे पाहिलं, आणि समोर बसून खडूचे तुकडे डबीत भरत राहिल्या.

चार वाजता कोट झाला. या वेळी बटणांची ओळ सरळ आली. काकूंनी आरशात पाहिलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. रस्त्यावर लोक एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते. मी रिकाम्या दांडीकडे पाहत बसले. मग माझा कोट काढला, उजव्या खांद्याला पॅड वाढवून पाहावं म्हणून अंगावर घेऊन टाचणी लावायला गेले. जमेना. डाव्या हातानं टाचणी धरली की खांदा वर येतो, मान वळवली की खाली जातो. आरशापुढे मी बराच वेळ धडपडले. स्वतःच्या खांद्याला स्वतः टाचणी लावता येत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी शिंपिणीच्या घरात वाढलेली.

दोन तारखेला मी टपाल कचेरीत गेले. परगावच्या एका बाईंचा झगा आईनं दुरुस्त करून, बांधून कपाटात ठेवला होता, तो पाठवायचा राहिला होता. रांग मोठी होती. पुढे उभ्या माणसांच्या पाठी दिसत होत्या, आणि मला पाठींवरून नजर काढता येईना. हा उजवीकडे. ही डावीकडे. तो म्हातारा बराच डावीकडे. कुणी सरळ नव्हतं. माझी जागा मला कायम रांगेबाहेर, इतरांपेक्षा थोडी वर वाटायची. त्या दिवशी मी माझ्या नंबरावर उभी राहिले.

खिडकीत काकू होत्या, कोटात ताठ. मला पाहून एक भुवई उचलली, पण झगा रीतसर तोलला. शेजारच्या खिडकीतला कारकून माझ्याकडे पाहत होता.

“बाई, राग मानू नका,” तो म्हणाला, “तुमचा कोट उजवीकडे उतरलाय. नवा घ्यायला झालाय आता.”

काकूंनी शिक्का हवेतच धरला. माझ्या तोंडाशी दहा उत्तरं तयार होती, सगळी घासूनपुसून ठेवलेली.

“कोट चांगला आहे,” मी म्हणाले. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मागून दोघे-तिघे वाकून पाहू लागले. “माझा खांदा उतरलाय, अर्धा इंच. हा कोट माझ्या आईनं शिवलाय. माझे सगळे कपडे आईनंच शिवलेत. ती शिवणकाम करायची, चाळीस वर्षं. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही.”

कारकुनानं आपलेच खांदे हळूच सरळ केले.

“काकू,” मी म्हणाले, “संध्याकाळी याल का? मला एकटीला टाचणी लावता येत नाही.”