टोनीची आई

मंगळावर अडकलेल्या टोनीला केसरीनाथने आई दिली, तेव्हा ती एवढी अंगाशी येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

केसरीनाथ भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला, राहायला जवळच्या वळ गावात. इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नसे, पण रविवारी सकाळचा इंग्रजी पिक्चर तो सोडत नसे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून साऱ्या आळीला स्टोरी सांगे. टोनीच्या पिक्चरचे दोन भाग त्याने असेच सांगितले. समोर ठमाबाई आत्या बसायची. तिचा अनंता बोटीवर नोकरीला, चार वर्षं घरी फिरकला नव्हता. तिचा उतरलेला चेहरा बघून केसरीनाथने टोनीची म्हातारी आई घुसडली. ती अंगणात उभी राहून आभाळाकडे बघायची आणि रोज दोन भाकऱ्या जास्त थापायची. पिक्चरमध्ये आई औषधालाही नव्हती. पण आत्या पदराने डोळे पुसत तेवढीच जागा पुन्हा सांगायला लावी.

मग तिसरा भाग लागला. पोस्टरवर टोनी पृथ्वीवर परतलेला. मायलेकरांची भेट मी माझ्या डोळ्यांनी बघणार, म्हणून आत्या हटून बसली. केसरीनाथने खुर्च्यांतले ढेकूण सांगून पाहिले, पण ती नवं लुगडं नेसून तयार. खोटं उघडं पडलं तर आत्या परत ओट्यावर यायची नाही, अशी त्याला धास्ती वाटली. तरी एक वेडी आशा होती. माणसाला आई असते, हे त्या पिक्चरवाल्यांना एव्हाना सुचलं असेल.

सुचलं नव्हतं. यानातून उतरलेला टोनी थेट एका पिवळ्या केसांच्या बाईच्या गळ्यात पडला. दोघं हॉटेलात जेवली आणि उरलेला पिक्चर पोलिसांच्या पळापळीत गेला. पडद्यावर दार उघडलं की दर वेळी आत्या मान उंचावून बघायची.

परतीच्या बसमध्ये केसरीनाथच आधी भडकला. दोन भाग काय फर्मास होते आणि तिसऱ्याची पार माती केली. एवढ्या वर्षांनी आलेला पोरगा घर सोडून हॉटेलात जेवतो म्हणजे काय, असं तो तावातावाने बोलत सुटला.

आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "केसऱ्या, पयल्या दोन भागांत तरी व्हती का रं त्याची आई?"

"न्हाय."

"माला वाटलंच. इंग्रजी बाई कशाला भाकऱ्या थापंल?" तिने पदर सावरला. "पन तिच्या संगतीत माझे दिस बरे गेले. आता तूच आन त्याला घरी. वळ यायच्या आत आन."

केसरीनाथने डोळे पुसले आणि सुरुवात केली. यान खाडीपलीकडे उतरलं, टोनी चिखल तुडवत निघाला. पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून ऐकू लागली. टोनी अंगणापाशी पोचला आणि वळचा थांबा आला. आत्या उठेना. घंटीच्या दोरीकडे गेलेला कंडक्टरचा हात तसाच राहिला.

"मग?" त्याने विचारलं. "आईनं ओळखलं का त्याला?"

केसरीनाथने तोंड उघडलं, पण उत्तर आत्याने दिलं.

"वळखनार न्हाय व्हय? दारात यायच्या आधीच, पावलांवरून वळखलं."