तिन्ही माल्म

आमच्या स्मोलांड प्रांतात ‘माल्म’ म्हणजे तीन गोष्टी. चर्च ज्या वाळू-खडीच्या उंचवट्यावर उभं आहे, तो माल्म. तळ्याच्या तळाशी लोखंडाचे वाटाण्याएवढे खडे सापडतात, तेही माल्म. आणि चर्चची घंटा ज्या धातूची ओतली, तोसुद्धा माल्म. नव्या पाद्रीबाबांना याचं भारी कौतुक. शब्द फार जुना, म्हणे, दळण्याभरडण्यातून आलेला; भरडलेली माती ती माल्म. असेल बापडी. त्या शनिवारी मात्र तिन्ही माल्म माझ्या लेकीच्या जिवावर उठले होते.

माझी हेड्डा तळ्याच्या पलीकडच्या काठावर एका शेतमालकाकडे कामाला होती. शनिवारी दुपारी गोठलेल्या तळ्यावरून चालत घरी यायची. त्याच तळ्यात माझा नवरा आल्गोत आणि गावचे पुरुष बर्फाला भोकं पाडून लांब दांड्याच्या जाळीनं खडे उपसतात. प्रत्येक भोकाशेजारी खड्यांचा ढीग, भोवती देवदाराच्या फांद्या रोवलेल्या. फांद्या दिसल्या की वळसा घालायचा, हे आमची पोरं बोलायच्या आधी शिकतात.

त्या दुपारी वारं सुटलं आणि हिम असं उडायला लागलं की अंगणातली विहीर दिसेना. आल्गोत तळ्यावरून परतला तो पांढराफटक होऊन.

“फांद्या गेल्या. सगळ्या.”

“आणि भोकं?”

“वरवर गोठलीत. वर हिम बसलंय. मलाच सापडेनात.”

तेवढ्यात घंटा सुरू झाली. आमचा घंटावाला येस्पर म्हणजे देवमाणूस, फक्त अक्कल गुडघ्यात. पोर तळ्यावर आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार. वादळात घंटेच्या रोखानं चालायचं, हा आमच्याकडचा रिवाजच. पण पलीकडच्या काठावरून चर्चकडे सरळ चालत आलं की मधोमध ही भोकं.

मी आल्गोतला म्हटलं, “पळ, ती घंटा बंद कर.”

“बंद केली तर भरकटेल ती. गारठून मरेल.”

“मी दुसरीकडून हाक मारते. तू पळ.”

बिडाचं पातेलं आणि मोगरी घेऊन मी भोकांपासून लांब, तळ्यात घुसलेल्या बर्चझाडांच्या जमिनीच्या टोकावर गेले आणि बडवत सुटले. घंटेपुढे माझं पातेलं म्हणजे माशीची गुणगुण. घंटेचा प्रत्येक टोल म्हणजे हेड्डाचं आणखी एक पाऊल, असंच वाटत होतं. देवाची प्रार्थना सुचेना. त्याच्याशी सरळ भांडलेच मी.

मग घंटा थांबली. आता माझ्या हातावर सगळं. मनगटं बधिर झाली, पातेल्याला तडा गेला, आवाज फाटका यायला लागला, तरी बडवत राहिले.

हिमातून एक काळा ठिपका निघाला. तो हेड्डा झाला.

“आई, पुरे आता, आले मी,” ती म्हणाली. मी तिला आधी शिव्या घातल्या आणि मग मिठी मारली.

चुलीपाशी बसल्यावर तिनं सांगितलं, की घंटा थांबली तशी ती जागच्या जागी थबकली. तेव्हा पायाखाली काहीतरी करकरलं.

“खडे होते, आई. मी ढिगावर उभी होते. भोक कुठल्या अंगाला ते कळेना, पाऊल उचलायचा धीर होईना. मग पातेलं ऐकू आलं. आल्या पावली मागं फिरले आणि आवाजाच्या रोखानं आले.”

आल्गोत तिच्या पायांवर घोंगडी ओढत राहिला.

रविवारी आभाळ निवळलं. आम्ही दोघं नव्या फांद्या घेऊन तळ्यावर गेलो. एका ढिगाच्या माथ्यावर, दबलेल्या हिमात, तिच्या दोन पावलांचे ठसे होते. तोंड चर्चकडे. आल्गोतनं ठशांच्या टोकांपुढे काठी अलगद टेकवली. ती सरळ आत, पाण्यात गेली.

तो काठी काढेना. तशीच धरून उभा राहिला. वर माल्मवर प्रार्थनेची घंटा सुरू झाली आणि आम्हा दोघांचेही पाय उचलेनात.